आक्का, मी सिस्टरला सांगितलं

तू माझ्याशी अबोला धरून गेलीस, आक्का. हे काही बरं केलं नाहीस. माणसानं भांडून जावं, चार शिव्या देऊन जावं, पण न बोलता जाऊ नये. मागे राहिलेल्यानं मग वाद कुणाशी घालायचा? गेल्या आठवड्यात तुझा दहावा झाला. तुझ्या घरची सगळी गोदावरीवर गेली होती. मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावायचं काही कारणही नव्हतं. मी तुझी कोण? इंदिरानगरातल्या एका वृद्धाश्रमात, वरच्या मजल्यावर, एका खोलीत दोन कॉटवर झोपणाऱ्या दोन म्हाताऱ्या, एवढंच आपलं नातं. या नात्याला सुतक नाही आणि दहावाही नाही. म्हणून मी आपली इथंच बसून तुझ्याशी बोलते. आता तरी तुला भिंतीकडे तोंड फिरवता येणार नाही.

आलीस त्याच दिवशी पिशव्या खाली ठेवायच्या आधी तू मला विचारलं होतंस, "मालक काय करायचे?" मी म्हटलं, मालक नव्हतेच, मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. तू पिशव्या खाली ठेवल्यास आणि म्हणालीस, "म्हंजे लोकाचं बोलणं जोडून द्यायचं." तेव्हापासून मी टेलिफोनबाई. माझं खरं नाव तुला माहीत तरी होतं का, देव जाणे. सुरुवातीला आपण एकमेकींना 'अहो-जाहो' करत होतो. पण तुला बंद खोली सोसत नव्हती आणि मला गार वारं. "तुम्ही जरा खिडकी लावता का"पासून "तू मुद्दाम करतेस"पर्यंत आपण एका दुपारीच पोचलो, आणि मग परत 'तुम्ही'वर येणं दोघींनाही जमलं नाही. मला तर बरंच वाटलं. मला 'अगं' म्हणणारं माणूस आई गेल्यापासून उरलंच नव्हतं.

तुझा तोरा काही कमी नव्हता. पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये तुझ्या हाताखाली बायकांची अख्खी रांग द्राक्षं भरायची. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, मण्यावरची ती पांढुरकी झिलई पुसली की माल टिकत नाही, हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की जेवणात केळं आलं तरी मी ते देठाला धरून उचलायला लागले. एखाद्या नव्या बाईनं घड नुसता पदरानं पुसला तरी तू तिला घरी पाठवायचीस म्हणे. मी म्हणायचे, बिचारी. तू म्हणायचीस, "बिचारी काय? दुसऱ्या दिवशी बरोबर शिकून यायची." आणि हसायचीस. दात नव्हते तुला, पण हसणं सगळ्या तोंडभर होतं.

मग तुझं ते सुरू झालं. मला अजून त्याचं नाव घ्यायला लाज वाटते, तुला किती वाटली असेल. आधी शिंक आली की व्हायचं, मग कॉटवरून उठलीस की, आणि मग बाथरूमच्या दारापर्यंतही लघवी थांबेना. तू जुन्या सुती लुगड्याच्या घड्या करून आत ठेवायला लागलीस. त्या स्वतःच धुवायच्या आणि कॉटच्या मागं वाळत घालायच्या, कुणाला दिसू नयेत अशा. दिवसभर उदबत्त्या लावायला लागलीस. मी म्हटलं, "आक्का, एवढी भक्ती कधीपासून गं?" तू म्हणालीस, "म्हातारपणी नाय तर कवा करायची?" मला कळत होतं. एका खोलीत राहून वास कळत नाही असं कुठं असतं? पण मी पडले टेलिफोनवाली. आमच्याकडे पहिल्याच दिवशी बजावलं जायचं, लाइनवर कानावर पडलेलं पोटात ठेवायचं, घरी आईलासुद्धा सांगायचं नाही. निम्म्या नाशिकच्या भानगडी माझ्या कानांवरून गेल्या आणि मी कधी ब्र काढला नाही. तुझंही तसंच पोटात ठेवलं.

पण तू पाणी सोडलंस तेव्हा मला राहवेना. सकाळचा अर्धा कप चहा, बस, त्यानंतर घशाखाली थेंब नाही. तुझं साधं सरळ होतं: "प्यायलंच नाय तर येईल कुठून?" येत होतंच. वर जे यायचं ते इतकं पिवळंजर्द आणि जहाल की कपड्याला डाग पडायचा आणि अंगाला आग लागायची. आणि मग ती दवाखान्याच्या वासाची बाटली. बादलीत इतकं औषध ओतायचीस की पाणी पांढरंफटक व्हायचं. त्या पाण्यानं, अंगाच्या साबणानं आणि खरखरीत अंगघासणीनं तू तिथं घासायचीस. दर वेळी, जितक्यांदा ओलं होई तितक्यांदा. वरून डब्यातली पावडर थापायची, ती ओलीनं चिकट होऊन जांघेत तिचे गोळे व्हायचे, आणि ते काढायला परत घासायचं. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायची.

"आक्का, आग होत नाही का?"

"व्हते ना. आग झाली म्हंजी साफ झालं."

"अगं, कातडी आहे ती, पितळेचा डबा नाही."

"मला शिकवू नको. सासूचं समदं म्याच काढलं. अशीच धुवायची तिला, लख्ख."

"आणि सासूला जखमा झाल्या होत्या की नाही?"

तू घासणी पिळत राहिलीस. मला वाटलं, जिंकले. म्हणून मी पुढचं पण बोलले. म्हटलं, द्राक्षाच्या मण्याला बोट लावलं म्हणून बायकांना घरी पाठवायचीस, आणि स्वतःचं अंग असं खरवडून काढतेस, त्याच्यावर काही झिलई नसते का? तू घासणी खुंटीला अडकवलीस, माझ्याकडे वळून बघितलंस आणि म्हणालीस, "द्राक्षाला वास येत नाय, बाई."

तुला भीती होती ती खालच्या हॉलची. आपल्या या इमारतीला लिफ्ट नाही. वर जी चालतीफिरती आहेत ती, आणि ज्यांचं सगळं कॉटवरच करावं लागतं ती खाली. मोठा हॉल, कॉटला कॉट लागून, टीव्ही दिवसभर चालू आणि बघणारं कोणी नाही. तिथं गेलेलं माणूस परत वर आलंय असं आपण दोघींनीही पाहिलं नव्हतं. तू जिन्यातून उतरताना तिकडं बघायचीसुद्धा नाहीस. एका दुपारी माझा हात धरून म्हणालीस, "टेलिफोनबाई, कोनाला सांगू नको. मला खाली टाकतील. हितं निदान तू हायेस भांडायला." तुझा हात गरम होता. मी म्हटलं, नाही सांगत.

आणि मी सांगितलं.

तू एका कुल्ल्यावर बसायला लागली होतीस. जेवताना, आरतीला, कुठंही, अंग असं एका बाजूला तोलून. मग मला वाळत घातलेल्या घडीवर रक्ताचे ठिपके दिसले. धुऊनही न गेलेले. तू गच्चीवर ऊन खायला गेली होतीस. मी ती घडी काढली, पदराखाली घेतली आणि शैला सिस्टरकडे गेले. या बाई आपल्याकडच्या एकुलत्या एक शिकलेल्या नर्स, सगळा मजला आणि सगळा हॉल त्यांच्या एकटीच्या जिवावर. मी घडी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, हे आक्काचं आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी लाइनवरचं बाहेर काढलं. मला त्याचा पस्तावा नाही, आक्का, हे तुला साफ सांगते. परत वेळ आली तर परत सांगेन. तुझा राग आला तरी सांगेन.

सिस्टरनी तुला तपासलं तेव्हा त्यांच्या खांद्यावरून तू माझ्याकडे बघितलंस. ती नजर मी सांगत नाही, तुला ठाऊक आहे. मी बघितलं ते मात्र सांगते. जांघेपासून मागं माकडहाडापर्यंत सगळं लालभडक, मध्ये मध्ये साल निघालेली, ओलसर, चकचकीत. सिस्टर तुला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आजी, सारखं ओलं राहिलं की कातडी फुगून मऊ पडते, त्यात साबणानं तिचं तेल जातं, मग नुसतं पुसलं तरी ती सोलते. आता साबण नाही, औषधाचं पाणी नाही, पावडर नाही. कोमट पाणी, मऊ कापड, घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि वाळलं की मलमाचा पातळ थर, म्हणजे ओल कातडीपर्यंत पोचणार नाही. ओलं झालं की लगेच बदलायचं. आणि पाणी प्यायचं, भरपूर. तू विचारलंस, "आणि आता मला खाली टाकणार का?" सिस्टर म्हणाल्या, मी बोलून बघते.

त्या बोलल्या, भांडल्या. मी दाराशी उभी होते, मी ऐकलं. पण आश्रमाचे मालक म्हणाले, वर मावशी नाही, रोज इतक्यांदा कोण जिना चढणार? त्यांचंही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खालच्या हॉलमधल्या कमलमावशीनं तुझ्या पिशव्या उचलल्या. जिन्याचा कठडा धरून तू एकेक पायरी उतरलीस. मी मागून म्हटलं, आक्का, सावकाश. तू वळली नाहीस.

मग सुरू झाला आपला अबोला. तो अबोला तरी कसला म्हणायचा? मी रोज चहाच्या वेळी खाली येऊन तुझ्या कॉटजवळ बसायची, आणि तू कमलमावशीला सांगायचीस, "त्या बाईला म्हनावं, चहा पिऊन घे, गार होतोय." मी म्हणायची, मावशी, त्यांना सांगा, माझा घोट झाला. बिचारी मावशी मध्ये उभी राहून दोन हातांच्या अंतरावरचे निरोप पोचवायची. एकदा वैतागून म्हणाली, "तुमी दोघी फोन का लावत नाय?" तू तोंडात पदर धरलास. हसलीस, मी बघितलं. पण बोलली नाहीस.

आणि ते बरं होत होतं, आक्का. हे मला सगळ्यात सोसत नाही. सिस्टरनी मावशीला उभं करून शिकवलं होतं. टिपायचं कसं, मलम किती, कूस कशी बदलायची. तू पाणी प्यायला लागलीस, कुरकुरत का होईना. ठरलेल्या वेळी तुला बाथरूमला नेऊन बसवायला लागल्या, ओलं व्हायची वाट न बघता, तर अर्ध्या वेळा ओलं होतच नव्हतं. लाली उतरली. साल धरली. एके दिवशी तू सरळ बसलीस, दोन्ही कुल्ल्यांवर, आणि भिंतीकडे बघून मावशीला म्हणालीस, "तिला म्हनावं, आता आग नाय होत." मी वर येऊन रडले. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

तरी मावशी एकटी आणि कॉटा इतक्या. घरची मंडळी डायपरचं पाकीट आणून देतात आणि म्हणतात, जरा पुरवून वापरा. मग पुरवायचं म्हणजे काय करायचं, तर ओलं झालं तरी राहू द्यायचं. सकाळी एक, संध्याकाळी एक. तुझ्या शेजारच्या कॉटवरच्या आजोबांचं तसंच होत होतं. सिस्टर तुझ्याकडे बघत होत्या तोवर त्यांच्याकडे बघायचं राहत होतं. मी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मनात म्हटलं, असू दे, आधी आमची आक्का. असं म्हटलं मी. म्हातारपणी माणूस असं होतं.

दिवाळी आली. तुझा संजय न्यायला आला. तो आणि मनीषा दोघंही कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला, दिवसभर घराला कुलूप, म्हणून तर तू इथं होतीस. पण सणाला आईला घरी न्यायचं, हे त्याचं पक्कं. सिस्टरनी मनीषाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. साबण नाही, घासायचं नाही, ओलं ठेवायचं नाही. ती मान डोलावत होती. चांगली सून आहे तुझी, मी उगाच म्हणत नाही. तू नवं लुगडं नेसून गाडीत बसलीस. मी वरून खिडकीतून बघत होते. तू एकदा वर बघितलंस. मला वाटलं हात करशील.

पुढचं मला परवा कळलं. तुझे कपडे न्यायला मनीषा आली होती, ती वर माझ्या खोलीत येऊन बसली आणि बोलायला लागली. तुझी सुनंदा माहेरी आलेली. पहिल्या अंघोळीला तिनं तुला पाटावर बसवलं. म्हणाली, वर्षभर आईला परक्या बायका धुतात, आज मी धुणार. तेल लावलं. उटणं कालवलं, घरी दळलेलं, जाडंभरडं. कढत पाणी काढलं. आणि पायाच्या नखापासून मानेपर्यंत, कुठं म्हणजे कुठं सोडलं नाही, घासून घासून अंघोळ घातली. मनीषा दारात उभी होती. तिच्या तोंडाशी आलं होतं, आवळून धरलं. नणंद आपल्या आईला सणाचं उटणं लावतेय आणि सुनेनं म्हणायचं, तिथं लावू नका? का लावू नका, म्हणून विचारलं तर चारचौघांत काय सांगायचं? आईंना कपड्यात होतं, हे? तिनं तुझ्याकडे बघितलं. तू नुसती मान हलवलीस, नको सांगू म्हणून. सुनंदाला तुझं काहीच माहीत नव्हतं. तू तिला कळू दिलं नव्हतंस.

मनीषा म्हणाली, "आईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आणि त्या हसत होत्या. ताई म्हणाल्या, बघ, आईला किती बरं वाटतंय."

मी तिला जवळ घेतलं. सुनंदाला हे कधीही सांगू नको, एवढं म्हटलं. तिनं आईला आयुष्यातली शेवटची अंघोळ घातली, माया होती तेवढी सगळी हातात आणून घातली. हे तिला कळलं तर ती पोरगी जगेल कशी? म्हणजे बघ, आक्का, परत पोटात ठेवायचंच आलं. पण सांगून आता कुणाची कातडी वाचायची राहिलीय?

भाऊबीज करून तुला परत आणलं. निघताना दोन डायपर एकावर एक घातले होते, गाडीत भिजू नये म्हणून. द्वारकेच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या, सणाची गर्दी, गाडी जागची हलेना. मनीषानं दोनदा विचारलं, आई, काही हवंय का? तू म्हणालीस, काय नाय. पोराच्या गाडीत, पोराच्या मागं बसून तू त्या ओलीत तशीच बसून राहिलीस. मुलाला सांगायचं तरी काय? तू तर लेकीलाही सांगितलं नाहीस.

शैला सिस्टरनी तुला कॉटवर घेतलं आणि उघडून बघितलं. मी पडद्याच्या अलीकडे होते. मग मावशीला म्हणाल्या, कोमट पाणी आण. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. जितकं धरलं होतं तितकं सगळं गेलं होतं, आणि खाली आणखी खोल गेलं होतं. दोन-तीन दिवसांत ताप चढला. थंडी वाजून येत होती, दात नसलेल्या हिरड्या एकमेकींवर आपटत होत्या. डॉक्टर म्हणाले, जखमेतून रक्तात गेलंय, ॲडमिट करा.

स्ट्रेचरवर ठेवलं तेव्हा मी जवळ आले. मला वाटलं, आता बोलेल. एवढं झाल्यावर तरी बोलेल. तू डोळे उघडलेस, मला बघितलंस, नीट ओळखलंस, आणि मावशीला म्हणालीस, "तिला म्हनावं, वरच्या माझ्या कॉटवर झोपत जा. खिडकीतनं ऊन येतं तिथं." मला नाही, मावशीला. मावशीनं माझ्याकडे तोंड करून तसंच्या तसं सांगितलं, रडत. मी म्हटलं, त्यांना सांगा, त्यांची कॉट त्यांनाच लखलाभ, लवकर या म्हणावं. मला वाटलं तू परत येशील आणि मग आपण भांडू. मला दुसरं काही तरी बोलता आलं असतं. तुझे पाय दाबता आले असते. मी नेहमीसारखं टोमणाच मारला.

दवाखान्यात मला नेलं नाही कुणी. फोन सिस्टरला आला. त्या वर आल्या आणि दारात उभ्या राहिल्या, मला कळलं.

आता मी रोज तुझ्याशी हाच वाद घालते. तू म्हणतेस, तू सांगितलं नसतंस तर मी वर राहिले असते. मी म्हणते, वर राहून सडली असतीस. तू म्हणतेस, तरी मेलेच ना, दवाखान्यात, एकटी, परक्या कॉटवर. घासून जखम झाली, हे सिस्टर म्हणतात, ते खरंच आहे. पण तुला लाजेनं मारलं, हे मी म्हणते. लेकरांना न्हाऊ-माखू घालून, त्यांचं सगळं काढून मोठं केलं, आणि आपल्या अंगाचं मात्र जगात कुणाला सांगायची सोय नाही. आपल्याला हेच शिकवलंय, धुवायचं, झाकायचं, गप्प बसायचं. तू उभा जन्म इतकी स्वच्छ राहिलीस, आणि त्या स्वच्छतेनंच तुझी साल काढली. मला देवाचा राग येतो. तुझा येतो. त्या उदबत्तीच्या वासाचा येतो, अजून पडद्यांना येतो तो.

आणि तू मला 'अगं' म्हणालीस, त्याचं काय करू? इथं मला सगळे 'अहो आजी' म्हणतात. आता परत कुणी नाही म्हणणार. खिडकीतलं ऊन तुझ्या कॉटवर पडतं, मी माझ्या कॉटवर बसून ते बघते. अजून तिकडं झोपले नाही. झोपणारही नाही.

एक शेवटचं सांगते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आज सकाळी जाग आली तर माझा गाऊन ओला होता. आधी वाटलं, तांब्या लवंडला. तांब्या टेबलावर होता, भरलेला. मी उठून बसले आणि बसूनच राहिले. मला सगळं ठाऊक आहे, आक्का. कोमट पाणी, टिपून घ्यायचं, मलम पातळ लावायचं, पाणी पीत राहायचं, आणि सगळ्यात आधी सांगायचं, लाज सोडून सांगायचं. घसा फोडफोडून मी तुला हेच सांगत होते. तेवढ्यात शैला सिस्टर आल्या. "काय म्हणता, बरं आहे ना?" मी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं आणि म्हटलं, "हो, छान झोप लागली." त्या गेल्या. त्यांच्या चपला जिन्यावरून खाली जात होत्या आणि मी हाक मारायला तोंड उघडून बसले होते. ज्या आवाजावर जन्मभर पोट भरलं, तो फुटला नाही. समोर तुझी कॉट रिकामी. तू असतीस तर सांगितलं असतंस, माझं उट्टं काढायला म्हणून तरी सांगितलं असतंस, जिन्यात उभी राहून, साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असं. माझं आता कोण सांगणार, आक्का.